‘अशी ही बनवाबनवी’ खरंच हॉलिवूडची कॉपी आहे का? साडी नेसलेल्या पुरुषांचा जर्मनी ते पुणे प्रवास

महिन्यातून एकदा तरी हे होतंच. कुणीतरी ‘अशी ही बनवाबनवी’ची क्लिप टाकतं, पाठोपाठ सगळे मिळून पुढचे डायलॉग म्हणायला लागतात आणि तेवढ्यात एखादा हुशार गडी येऊन सांगतो की, हे सगळं हॉलिवूडचं ढापलेलं आहे. १९५९ चा ‘सम लाइक इट हॉट’ बघा म्हणे. त्यातही दोन पुरुष बायकांचे कपडे घालून फिरतात.

मग वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते कॉपी, दुसरी म्हणते आमचा सिनेमा ओरिजिनल.

खरं तर दोन्ही बाजू चुकतात. ‘बनवाबनवी’ ओरिजिनल नाही, पण तो ‘सम लाइक इट हॉट’वरूनही घेतलेला नाही. आणि गंमत म्हणजे ज्याला ओरिजिनल समजलं जातं तो ‘सम लाइक इट हॉट’ स्वतःच एका जर्मन सिनेमावरून उचललेला आहे, आणि तो जर्मन सिनेमा एका फ्रेंच सिनेमावरून.

म्हणजे इथं दोन वेगळी घराणी आहेत. एक युरोपातून निघून अमेरिकेला पोचलं, दुसरं बंगालमधून निघून पुण्यात आलं. दोन्ही घराण्यांत पुरुष साडी किंवा झगा नेसतात. पण का नेसतात, याचं उत्तर वेगळं आहे. आणि ते उत्तर बघितलं की ‘बनवाबनवी’ आपला का वाटतो, ते कळतं.

आधी युरोपचं घराणं

साल १९३५. फ्रान्समध्ये ‘फानफार दामूर’ नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक रिशार पोतिए. कथा रॉबर्ट थोरेन आणि मायकेल लोगन यांची. दोन वादक मित्र आहेत, दोघंही बेकार. काम कुठंच मिळत नाही. शेवटी कळतं की बायकांच्या एका वाद्यवृंदात जागा आहेत. झालं, दोघं बायका बनतात आणि नोकरी पटकावतात.

सोळा वर्षांनी, १९५१ मध्ये, पश्चिम जर्मनीत याच कथेवर ‘फानफारेन देर लीबे’ आला. मराठीत सांगायचं तर ‘प्रेमाची तुतारी’. दिग्दर्शक होते कुर्ट हॉफमन आणि दोन वादकांच्या भूमिकेत डीटर बोर्शे आणि गेओर्ग थोमाल्ला. सिनेमा चालला. इतका की १९५३ मध्ये ‘फानफारेन देर एहे’ म्हणजे ‘लग्नाची तुतारी’ असा पुढचा भागही निघाला.

यातली खरी मजा वेषांतरात नाही, ती ओळखीच्या घोटाळ्यात आहे. नायक वाद्यवृंदातल्या एका मुलीच्या प्रेमात पडतो. आता तिला तो दोनदा भेटतो. एकदा मैत्रीण म्हणून, एकदा पुरुष म्हणून. तिला वाटतं ही दोन वेगळी माणसं आहेत. ती एकाचं गुपित दुसऱ्याला सांगते. प्रेक्षक मात्र सगळं जाणून बसलेला.

आता ही जर्मनी कोणती, हे लक्षात घ्या. महायुद्ध १९४५ ला संपलेलं. शहरं बॉम्बनी उद्ध्वस्त झालेली. १९५० च्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीत बेकारांचा आकडा २० लाखांच्या आसपास गेला होता. त्या काळात थिएटरात बसलेल्या माणसाला ‘काम मिळेना म्हणून बायको बनलेला वादक’ हा विनोद परका नव्हता. पोटासाठी माणूस काय काय करतो, ते त्यानं नुकतंच पाहिलेलं होतं.

विल्डरनं काय बदललं?

बिली विल्डर हा मूळचा युरोपातलाच. जन्म १९०६ चा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला. बर्लिनमध्ये तो पटकथा लिहायचा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या विल्डरनं देश सोडला. त्याची आई नाझींच्या हत्याकांडात मारली गेली. तो स्वतः अमेरिकेत मोठा दिग्दर्शक झाला.

त्यानं हा जुना विषय हातात घेतला तेव्हा त्याच्यासमोर आणि सहलेखक आय. ए. एल. डायमंडसमोर एक साधा प्रश्न होता. हे दोघं बायकांचे कपडे उतरवून सरळ निघून का जात नाहीत? नोकरी गेली तर गेली. दुसरी बघतील.

प्रश्न साधा आहे, पण अशा सगळ्या सिनेमांचा जीव याच प्रश्नात असतो. प्रेक्षकाला एकदा वाटलं की ‘अरे, खरं सांगून टाक ना, काय बिघडतंय?’ की विनोद तिथंच मेला.

विल्डर आणि डायमंडनी उत्तर शोधलं शिकागोच्या गुन्हेगारी इतिहासात. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी, व्हॅलेंटाईन डेला, शिकागोत टोळीयुद्धातून सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. सिनेमातले दोन वादक नेमकं असंच एक हत्याकांड पाहतात. आता टोळीवाले त्यांच्या मागावर आहेत. बायकांचे कपडे उतरवले तर जीव जाईल. टोनी कर्टिस आणि जॅक लेमन यांचा पोशाख असा अंगाला चिकटला. सोबतीला मेरिलिन मन्रो होती. सिनेमा मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ठेवला, कारण रंगीत चाचणीत दोघांचा मेकअप हिरवट दिसत होता.

२००० मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या शंभर विनोदी सिनेमांची यादी काढली, त्यात ‘सम लाइक इट हॉट’ पहिल्या नंबरवर होता.

हिंदीत या घराण्याचा वारस आहे १९७५ चा ‘रफू चक्कर’. नरेंद्र बेदींचा. ऋषी कपूर आणि पेंटल बायका होतात, नीतू सिंग नायिका. म्हणजे ‘सम लाइक इट हॉट’ची भारतीय आवृत्ती शोधायची तर ती ही.

कुलूप काय आहे, ते बघा

म्हणजे वेषांतराच्या विनोदाला एक कुलूप लागतं. असं काहीतरी, ज्यामुळे माणूस सोंग उतरवूच शकत नाही. फ्रान्स आणि जर्मनीत ते कुलूप बेकारी होतं, विल्डरकडे बंदूक.

मराठी प्रेक्षकाला हे कुलूप १९८८ च्या आधीपासून माहीत होतं. १८९२ मध्ये ब्रँडन थॉमस या इंग्रज लेखकाचं ‘चार्लीज आंट’ हे नाटक आलं. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना आपापल्या आवडत्या मुलींना जेवायला बोलवायचं आहे. पण त्या काळच्या इंग्लंडमध्ये मोठ्या बाईमाणसाच्या सोबतीशिवाय मुलींनी मुलांच्या खोलीवर जाणं अशक्य. खरी मावशी वेळेवर येत नाही, म्हणून मित्रालाच मावशी बनवतात. इथं कुलूप आहे समाजाची रीत.

आचार्य अत्र्यांनी यावरून ‘मोरूची मावशी’ लिहिलं. १९८५ मध्ये ते ‘सुयोग’नं पुन्हा रंगभूमीवर आणलं आणि विजय चव्हाणांनी मावशी घराघरात पोचवली. म्हणजे पार्वती पडद्यावर यायच्या तीनच वर्षं आधी मराठी प्रेक्षक मावशीला बघून पोट धरून हसत होता.

त्याच्याही मागे जायचं तर गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आहे. त्याचं मूळ जातं फ्रेंच नाटककार मोलिएरच्या सतराव्या शतकातल्या प्रहसनापर्यंत, मध्ये एका इंग्रजी नाटकाचा थांबा घेऊन. त्यात वेषांतर नाही, पण एकाला पाहून दुसरंच समजणं भरपूर आहे. थोडक्यात, युरोपातला ओळखीचा घोटाळा मराठीत येऊन मराठी होणं, ही आपल्याकडची जुनी वाट आहे.

मग ‘बनवाबनवी’ आला कुठून?

आता दुसरं घराणं. १९५५ मध्ये बंगालीत ‘जय माँ काली बोर्डिंग’ नावाचा विनोदी सिनेमा आला. भानु बंदोपाध्याय हे त्यातलं मोठं नाव. त्यावरून हृषिकेश मुखर्जींनी १९६६ मध्ये हिंदीत ‘बीवी और मकान’ केला. निर्माता आणि संगीतकार हेमंत कुमार, गाणी गुलजार यांची, पडद्यावर विश्वजीत आणि मेहमूद. पाच मित्र, राहायला जागा नाही, आणि जागा मिळते ती फक्त बायको असलेल्यांना.

नावातच सगळं आलं. बीवी आणि मकान.

आणि २३ सप्टेंबर १९८८ रोजी ‘अशी ही बनवाबनवी’ लागला. व्ही. शांताराम प्रॉडक्शन्सचा, निर्माते किरण शांताराम, दिग्दर्शक सचिन पिळगावकर, लेखन वसंत सबनीस यांचं. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिणारे हेच सबनीस. शब्दाला शब्द लावून हशा कसा उभा करायचा, हे ज्यांच्या हाताला बसलेलं होतं ते सबनीस.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा. धनंजय माने पुण्यात विश्वास सरपोतदारांच्या घरात भाड्यानं राहतो. त्याच्या खोलीत धाकटा भाऊ शंतनू येतो, मग सुधीर, मग परशुराम. एकाचे चार झाल्यावर सरपोतदार बाहेरचा रस्ता दाखवतात. दुसरं घर सापडतं लीलाबाई काळभोरांचं. पण लीलाबाईंची अट एकच, घर फक्त जोडप्यांना. मग परशुरामची पार्वती होते आणि सुधीरची सुधा. दोन जोडपी तयार.

इथं कुणी बेकारीमुळे झगा घालत नाही. कुणी बंदूक घेऊन मागे लागलेलं नाही. धनंजय मानेकडे तर नोकरी आहे. भाडं भरायची तयारी आहे. तरी दार उघडत नाही. कारण तो कोण आहे, यावर दार अडलंय.

पुण्यात घर इतकं अवघड का होतं?

यामागे नुसता घरमालकांचा स्वभाव नव्हता, कायदाही होता.

१९४७ मध्ये मुंबई प्रांताचा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धानंतर शहरात माणसं वाढली होती, घरं नव्हती आणि मालक वाटेल ते भाडं मागत होते. म्हणून सरकारनं भाडं साधारण सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तरतूद केली.

हेतू चांगला होता. पण वर्षं सरत गेली, महागाई वाढत गेली आणि भाडं तिथंच राहिलं. भाडेकरू एकदा आत आला की पिढ्यान्पिढ्या राहणार, ही मालकाची भीती झाली. मग ‘भाडेकरू’ हा शब्द टाळून परवाना करार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स सुरू झाले. १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी करारानं राहत असलेल्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालक आणखी सावध झाले.

आत आलेला माणूस बाहेर काढता येत नसेल, तर सगळी परीक्षा दारातच होणार. नाव काय, गाव कोणतं, नोकरी कुठं, लग्न झालंय का. त्यात तरुण, एकटा, परगावचा पुरुष म्हणजे आळीला घोर अशी समजूत आधीपासून होतीच. जोडपं म्हटलं की कसं, सज्जन. लीलाबाईंची अट त्या काळात कुणालाच चमत्कारिक वाटली नाही, ती यामुळे.

कोलकात्यात, मुंबईत, पुण्यात गोष्ट तीच राहिली आणि प्रत्येक ठिकाणी ती तिथलीच वाटली, कारण घराची चणचण तिन्ही ठिकाणी सारखी होती. पुढं ‘बनवाबनवी’वरून १९९१ मध्ये तेलुगूत ‘चित्रम भळारे विचित्रम’ झाला, २०१४ मध्ये पंजाबीत ‘मिस्टर अँड मिसेस ४२०’. भाषा बदलली तरी भाड्याच्या घराची अट सगळ्यांना कळली.

बालगंधर्व आणि पार्वती यात फरक काय?

आता कुणी म्हणेल, मराठी माणसाला साडीतला पुरुष नवीन थोडाच आहे? बालगंधर्वांनी तर स्त्रीभूमिकांवर सगळा महाराष्ट्र वेडा केला. त्यांची साडी, त्यांचे दागिने बघून घरोघरच्या बायका तशीच नेसण करायच्या.

बरोबर आहे. पण तिथं जादू उलटी चालायची. बालगंधर्व पुरुष आहेत हे प्रेक्षकाला माहीत असायचं आणि तरी तो ते विसरायला तयार असायचा. नाटकातल्या पात्रांसाठी ती स्त्री, आणि प्रेक्षकासाठीही स्त्रीच.

‘बनवाबनवी’त प्रेक्षकाला विसरायचं नसतं. पात्रांना पार्वती दिसते, प्रेक्षकाला पदराखालचा परशा दिसतो. जेवढा वेळ दोन्ही एकदम दिसतात, तेवढा वेळ हसू येतं. म्हणून लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती मुद्दाम अवघडलेली आहे, चाल चुकते, आवाज घसरतो. आणि सचिनची सुधा बेमालूम जमलेली. एक सोंग सारखं फुटायला आलेलं, दुसरं फुटतच नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यामुळे दोन्हींची गंमत वाढते.

एक खोटं झाकायला दुसरं

अशा गोष्टी पुढं सरकतात त्या एकाच नियमानं. पहिलं खोटं लहान असतं. ते टिकवायला दुसरं, मोठं खोटं लागतं.

आम्ही नवरा-बायको आहोत, एवढंच पहिलं खोटं. पण बायको म्हटलं की शेजारधर्म आला, सणवार आले आणि मग ती विचारणा आली जी प्रत्येक नव्या सुनेला होते. पार्वतीला दिवस जातात. दिवस गेले की डोहाळजेवण आलं. परशा फुलांचे दागिने घालून बसतो आणि बायका त्याचं कौतुक करतात. अख्ख्या सिनेमातला हा सगळ्यात मराठी प्रसंग. अमेरिकेतल्या टोळीवाल्यांच्या गोष्टीत तो बसलाच नसता.

तिकडे बाहेर धनंजयचा जीव दुकानाच्या मालकीणबाई माधुरीवर, आणि घरात ‘बायको’ पार्वती. सुधीर बाहेर मनीषाचा प्रियकर, आणि साडी नेसला की तिच्यासमोर सुधा. जर्मन सिनेमातला तोच घोटाळा, एकाच मुलीला एकच माणूस दोन रूपांत भेटण्याचा. दोन्ही घराणी इथं एकमेकांसारखी दिसतात, कारण हा घोटाळा कुणा एकाच्या मालकीचा नाही. तो शेक्सपिअरच्याही आधीपासून आहे.

आजच्या नजरेनं काही गोष्टी खटकतातही. मुलगी मैत्रीण समजून मन मोकळं करते आणि समोर पुरुष असतो. ‘सम लाइक इट हॉट’लाही हाच आक्षेप लागतो. दोन्ही सिनेमांत ज्यांची फसवणूक होते त्यांना शेवटी फार काही विचारलं जात नाही. हसताना हे लक्षात आलं तर सिनेमा वाईट ठरत नाही, पण कुणाच्या सोयीनं हसतोय ते कळतं.

पकडलं गेल्यावर काय होतं?

सगळ्या वेषांतराच्या विनोदाचा पाया एका गोष्टीवर असतो. बिंग फुटल्यावर काय होईल?

धनंजय मानेचं बिंग फुटलं तर घर जाईल, अपमान होईल, प्रेमात गैरसमज होतील. पण त्याच्या पोशाखाखाली जे आहे ते समाजाला मुळात मान्य आहे. तो फक्त अविवाहित आहे. उद्या लग्न केलं की त्याच लीलाबाई त्याला आनंदानं घर देतील. म्हणून प्रेक्षक निर्धास्तपणे हसतो.

ज्याच्या पोशाखाखाली जे आहे तेच समाजाला नको असतं, त्याची गोष्ट मात्र वेगळी होते. अशीच एक गोष्ट खरी घडलेली आहे. तीही घराचीच.

१९१७ सालची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतून आणि इंग्लंडमधून शिकून परतले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना शिष्यवृत्ती दिली होती आणि करारानुसार त्यांना बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. ते बडोद्याला पोचले. राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात जागा मिळणार नव्हती. ओळखीच्यांकडे विचारावं तर अडचण होईल, नकार मिळेल, ही धास्ती.

एक पारशी विश्रामगृह मिळालं. पण ते फक्त पारशांसाठी. तिथल्या रखवालदाराला गिऱ्हाईक हवं होतं, बाबासाहेबांना छप्पर हवं होतं. तोडगा निघाला. वहीत पारशी नाव लिहायचं. मोठ्या, काळोख्या, रिकाम्या इमारतीत परदेशात शिकून आलेला एक उच्चविद्याविभूषित माणूस दुसऱ्याच नावानं राहू लागला.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. तू कोण आहेस, असा जाब विचारून, संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेला. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोन्हीकडे जमलं नाही. बडोद्याच्या कामाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. पुढं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींमध्ये त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

आता गोष्टीचा सांगाडा बघा. भाड्याची जागा. आत कुणाला घ्यायचं याची अट. अटीत बसण्यासाठी घेतलेली खोटी ओळख. बिंग फुटणं. सांगाडा ‘बनवाबनवी’चाच. पण इथं हसण्यासारखं काहीच नाही. कारण धनंजय माने लग्न करून अटीत बसू शकतो. जात अशी बदलता येत नाही.

आणि आज?

कायदे बदलले. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबईचा १९४७ चा कायदा गेला, आणि मराठवाड्याला लागू असलेला हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदाही गेला. आता लेखी, नोंदवलेला करार सक्तीचा आहे आणि मुदत संपली की परवाना करारावर राहणाऱ्याला घर सोडावं लागतं. म्हणजे ‘आत आलेला बाहेर निघत नाही’ ही मालकांची जुनी भीती कायद्यानं बरीच कमी केली.

दारातली परीक्षा मात्र संपली नाही.

संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणाला अडवता येणार नाही अशा जागांची यादी आहे. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी, तलाव, घाट, रस्ते. म्हणजे १९१७ ला बडोद्यात हॉटेलच्या दारात जे घडलं असतं, ते आज घटनाबाह्य आहे. पण खासगी मालकाची भाड्याची खोली त्या यादीत नाही. आणि अविवाहित असणं हे त्या कारणांमध्येही नाही.

परभणी जिल्ह्यातलं सेलू तालुक्याचं वालूर घ्या. चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखलं जाणारं गाव. त्या बारवेच्या पायऱ्या कुणीही उतरावं, हे संविधानानं ठरवून दिलंय. पण वालूरसारख्या गावातून एखादा पोरगा सेलूला गाडी पकडतो, स्पर्धा परीक्षेच्या तयारीला किंवा पहिल्या नोकरीसाठी पुण्यात उतरतो आणि खोली बघायला निघतो. तेव्हा त्याला भाडं किती ते नंतर कळतं. आधीचा प्रश्न असतो, फॅमिली की बॅचलर? त्यानंतर आडनाव. त्यानंतर नॉनव्हेज खाता का. मुलगी असेल तर रात्री किती वाजता येता आणि भेटायला कोण येतं.

या प्रश्नांना लोक आजही सोंगानंच उत्तर देतात. कुणी चुलतभावाला सख्खा भाऊ सांगतं, कुणी मैत्रिणीशी साखरपुडा झाल्याचं सांगतं. कुणी आडनाव न सांगता फक्त पहिलं नाव सांगतं आणि विषय बदलतं. कुणी शाकाहारी होऊन जातं. साडी नेसावी लागत नाही इतकंच.

यातल्या पहिल्या दोघांचं बिंग फुटलं तर तो किस्सा होतो, पुढं दहा वर्षं मित्रांत सांगायला उपयोगी पडतो. आडनाव लपवणाऱ्याचं फुटलं तर तो किस्सा कुणी हसून सांगत नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ इतकी वर्षं ताजा राहिला, त्यात अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सुधीर जोशी, नयनतारा या सगळ्यांच्या टायमिंगचा वाटा मोठा आहेच. पण अजून एक कारण आहे. जर्मनीत वादकांची बेकारी मागे पडली, शिकागोची ती टोळीयुद्धं इतिहासजमा झाली. लीलाबाईंची अट मात्र आजच्या भाड्याच्या जाहिरातीत जशीच्या तशी सापडते. ‘ओन्ली फॅमिली’.